माळ्यावरची ८ एमएम रिळं: स्कॅन कशी करायची, ठेवायची कुठे?

माळ्यावरचा_डबा
घरात १४ रिळं निघाली आहेत. अकरा तीन इंची, पिवळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. दोन पाच इंची, गंजक्या पत्र्याच्या डब्यांत. आणि एक वेगळंच, छोट्या काळ्या पत्र्याच्या चकतीवर गुंडाळलेलं. काही खोक्यांवर 'सुपर ८' छापलंय, काहींवर नुसतं ८ एमएम. पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा १९५८ ते १९७९. एका डब्याला आंबूस वास येतो. सोबत अमेरिकेतून आणलेला ११० व्होल्टचा प्रोजेक्टर आहे.

प्रश्न तीन. भिंतीवर प्रोजेक्ट करून मोबाईलने टिपलं तर चालेल का? लॅबला द्यायचं तर काय विचारून घ्यायचं? आणि स्कॅन झाल्यावर रिळं टाकून द्यावीत का? (डोंबिवली, वन बीएचके. यावरून काय ते समजा.)

खवट_खोबरं
तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. आता तज्ज्ञ मंडळी येतीलच. मी शेंगदाणे घेऊन बसतो.

अंधारखोली
प्रोजेक्टरचं बटण दाबू नका, आणि त्या काळ्या चकतीवरचं रीळ उजेडात उलगडू नका. ते धुतलेलं नसण्याची शक्यता आहे. मंद उजेडात बाहेरची दोन-तीन इंचच पट्टी पाहा. आरपार दिसत नसेल, दुधट-करडी असेल, तर तिथेच थांबा आणि काळ्या पिशवीत ठेवा. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) असेल तर रंगीत धुलाईचा मार्गच उरलेला नाही. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर धुलाईसाठी ती रिळं घेणं बंद केलं. आता फार तर कृष्णधवल निघेल.

बाकीची आधी ओळखून घ्या. जुन्या ८ एमएमची (डबल ८ किंवा रेग्युलर ८) भोकं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर ८ ची भोकं बारीक, चौकटीच्या मध्यावर. रीळाच्या मधलं छिद्र लहान असेल तर रेग्युलर, अर्धा इंची असेल तर सुपर ८. सुपर ८ बाजारात आलं १९६५ मध्ये, त्यामुळे १९५८ वाली नक्की रेग्युलर. खोक्यावरच्या छपाईवर विसंबू नका, घरोघरी खोकी बदललेली असतात.

मग आकसणं मोजा. हे कुणी करत नाही आणि तिथेच घोळ होतो. फिल्म पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा, पहिलं भोक शून्य धरून शंभराव्या भोकापर्यंतचं अंतर मोजा. ताज्या रेग्युलर ८ मध्ये ते ३८१ मिमी भरतं, सुपर ८ मध्ये ४२३ मिमी आणि थोडं वर. एक टक्का आकसणं म्हणजे साधारण ४ मिमीची घट. पाऊण टक्क्याच्या पुढे गेलेली फिल्म दात्यांच्या प्रोजेक्टरमध्ये घालायची नाही. नखी (फिल्म खाली ओढणारा आकडा) भोकात नीट बसत नाही, कड फाटते, आणि एकदा फाटायला लागली की सेकंदाला १६ ते १८ चौकटी या वेगाने फाटत जाते. तुमचा हात बटणाकडे जाईपर्यंत अर्धा फूट गेलेली असते.

शिकाऊ
फिल्म पेट घेते म्हणतात ना? फ्लॅटमध्ये ठेवणं धोक्याचं नाही का?

रानजाई
पेटते ती नायट्रेट फिल्म, आणि ती ३५ एमएममध्ये असायची, साधारण १९५१ पर्यंत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची रिळं जळाली, ती नायट्रेट होती. घरगुती ८ एमएम पहिल्यापासून अॅसिटेटवर आली. कडेला 'सेफ्टी' छापलेलं असतं ते त्यामुळेच. ती मेणबत्तीसारखी भडकत नाही, पण तिचा रोग वेगळा: व्हिनेगर सिंड्रोम. दमट उष्ण हवेत अॅसिटेटचं विघटन होऊन अॅसिटिक आम्ल सुटतं, ते आम्लच विघटन आणखी वाढवतं, आणि बंद डब्यात कोंडलं की वेग वाढतच जातो. मग फिल्म आकसते, कडा लाटेसारख्या होतात, शेवटी इमल्शन (चित्राचा थर) सुटतं.

तेव्हा मूळ धागाकर्त्यांनी तो आंबूस डबा आजच्या आज बाकीच्यांपासून लांब ठेवावा. नाकावर भरवसा कमी असेल तर ए-डी स्ट्रिप मिळतात: निळी पट्टी रीळाबरोबर डब्यात ठेवायची, खोलीच्या तापमानाला २४ तासांनी पाहायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी म्हणजे सुरुवात, पिवळी म्हणजे आधी ते रीळ स्कॅन करा, बाकीची कामं नंतर. आणि हो, गंजका डबा फेकून द्या, रीळ नको!

कोकणकडा
जरा जास्तच घाबरवताय सगळे. रीळ आकसलेलं नसेल, जोड पक्के असतील, तर भिंतीवरून टिपलेलंही पाहण्यालायक होतं. लखलखाट येतो तो वेग न जुळल्यामुळे. प्रोजेक्टरच्या शटरला तीन पाती असतील तर १६⅔ चौकटींच्या वेगाला सेकंदाला बरोबर ५० झोत पडतात. कॅमेरा २५ फ्रेम आणि शटर १/५० वर लॉक करा, लखलखाट गायब. भिंत नको, मॅट पांढरं कार्डशीट घ्या, चित्र फक्त ए-४ एवढं ठेवा, कॅमेरा प्रोजेक्टरच्या लेन्सला अगदी चिकटून. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही हाताने. १४ रिळं एका रविवारी उरकतील.

सर्किट_सदाशिव
कोकणकडा, गणित बरोबर, पण या प्रोजेक्टरला लागू नाही. ११० व्होल्टचं अमेरिकन यंत्र ६० हर्ट्झसाठी असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. साधी एसी मोटर असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर १८ चा वेग १५ वर येतो. तीन पात्यांनी ४५ झोत. ५० शी फरक पाचाचा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा डोळा मारणारी आजी! वेग बदलायचा नॉब असेल तरच १६⅔ जमेल.

त्यात जुने पट्टे. रबर वितळून डांबर झालेलं असतं, आणि ते डांबर थेट फिल्मवर. शिवाय गेटमध्ये (फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेत) साठलेला इमल्शनचा चुरा कडक होऊन ओरखड्याची सरळ उभी रेघ ओढतो, पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत. ती कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही.

खवट_खोबरं
डोळा मारणारी आजी हे अपग्रेड समजा हो. आमच्याकडच्या रिळांत निम्मा वेळ विमानाचा पंख आणि उरलेला वेळ बागेतला डेलिया.

निरंजना
अवांतर नको, डेलियालाही साक्षीमूल्य आहे :) लॅबला काय विचारायचं ते सांगते. 'आमच्याकडे फोर-के आहे' यावर भुलू नका. त्याऐवजी हे विचारा: मशीन चौकटीगणिक स्कॅन करतं, की प्रोजेक्टरसमोर कॅमेरा ठेवलाय? फिल्म दात्यांवर धावते की रबरी रोलरवर? (आकसलेल्या फिल्मला दात्यांविनाच हवं.) ओव्हरस्कॅन देता का, म्हणजे भोकं आणि चौकटीच्या कडा फाईलमध्ये दिसतील का? पुढे चित्र स्थिर करायला त्या कडा लागतात. आणि पैसे मिनिटावर लावता की फुटावर? मिनिटावर असेल तर कुठल्या वेगाने मोजता? ५० फूट सुपर ८ मध्ये ३६०० चौकटी असतात, १८ च्या वेगाला ३ मिनिटं २० सेकंद. तेच १६ ने मोजलं की पावणेचार मिनिटं.

फाईल कुठली देणार, हे सगळ्यात महत्त्वाचं. फक्त एमपी४ देत असतील तर दुसरीकडे जा. मास्टर (जपून ठेवायची मूळ फाईल) प्रोरेझ या कमी दाबलेल्या व्हिडिओत किंवा चौकटीगणिक डीपीएक्स या चित्रफाईलींमध्ये घ्या. २के, १० बिट डीपीएक्सची एक चौकट सुमारे १२.७ एमबी, म्हणजे एका छोट्या रीळाला ४६ जीबी. तेच एफएफव्ही१ मध्ये (काहीही न गमावता दाबणारा व्हिडिओ प्रकार) बांधलं तर जागा साधारण निम्म्यावर येते आणि गुणवत्तेत काडीचाही फरक पडत नाही. ८ एमएमला २के पुरेसं आहे. चौकटच जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद, त्यात फोर-केने फक्त रवा अधिक ठसठशीत दिसेल.

शिकाऊ
रवा?

निरंजना
ग्रेन हो, ग्रेन. शिऱ्याचा नाही.

ठाणेकर_काका
ऑनलाइन तो छोटा डबा मिळतो स्कॅनरचा, रीळ लावा, एसडी कार्ड घाला, झालं. तो घेऊन १४ रिळं केली आणि नंतर विकून टाकला तर? लॅबपेक्षा स्वस्त पडेल.

सर्किट_सदाशिव
काका, त्यात वाईट काही नाही, पण काय मिळतं ते माहीत असावं. तो सेकंदाला सुमारे दोन चौकटी टिपतो, म्हणजे ५० फुटी रीळाला अर्धा तास. वेग चालेल. अडचण अशी की तो प्रत्येक चौकट आतल्या आत भरपूर दाबतो आणि थेट एमपी४ करतो, तेही २० फ्रेमला. तसंच पाहिलं तर सगळे चार्ली चॅप्लिनसारखे तुरुतुरु चालतात. एफएफएमपेगने (व्हिडिओ बदलायचं फुकट सॉफ्टवेअर) फाईलचा वेग १६ किंवा १८ वर आणायचा. फ्रेम टाकायच्या किंवा वाढवायच्या नाहीत, फक्त वेळेचे ठसे बदलायचे. दुसरी खोच एक्स्पोजरची. ऑटोवर ठेवला तर पांढऱ्या धोतरावरचा तपशील जळतो आणि तो परत येत नाही. अर्ध्या ते एक पायरीने उतरवून ठेवा.

वेळ आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही असतील तर किनोग्राफसारख्या खुल्या आराखड्यावर स्वतः बांधता येतं, किंवा मोडका प्रोजेक्टर वापरता येतो. मूळ दिवा काढायचा, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला पांढरा एलईडी आणि पुढे दुधी अॅक्रिलिक. शटरची पाती काढून टाकायची. मोटरच्या जागी स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर), शाफ्टवर लोहचुंबक आणि ते ओळखणारा हॉल सेन्सर, म्हणजे चौकट गेटमध्ये थांबली की कॅमेऱ्याला इशारा. कॅमेरा रास्पबेरी पायचा एचक्यू, १२.३ मेगापिक्सेल. लेन्स एन्लार्जरची ५० मिमी, उलटी बसवून, एक्स्टेन्शन ट्यूबवर, एफ ४ ते ५.६. कोडाक्रोमच्या सावल्या फार गडद असतात, म्हणून प्रत्येक चौकटीचे दोन एक्स्पोजर घेऊन जोडायचे. मात्र यातही नखी तीच राहते, त्यामुळे आकसलेलं रीळ यात नाही.

रानजाई
स्कॅनच्या आधी स्वच्छता. इथे उत्साही लोक सर्वाधिक नुकसान करतात.

पाणी अजिबात नको. बुरशी लागली असेल तर जिलेटीन आधीच मऊ झालेलं असतं, ओल्या फडक्याने चित्रच पुसलं जातं. आधी कोरडं: न झडणाऱ्या मऊ कापडाच्या घडीतून फिल्म हळूहळू ओढायची, दोन्ही बाजूंनी, दाब न देता. मग लागलंच तर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं, पण बाटलीवरची टक्केवारी वाचा. ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणीच असतं. कापड ओलसर करायचं, भिजवायचं नाही. सेकंदाला फूटभर वेग, दर १०-१५ फुटांनी घडी बदलायची. कापड आणि गुंडाळणारं रीळ यांत दोन-तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे अल्कोहोल उडून गेल्यावरच फिल्म गुंडाळली जाईल. ओली गुंडाळली तर थर चिकटतात. खिडकी उघडी, गॅस बंद.

फिल्मच्या कडेला तपकिरी पट्टा दिसला तर ती आवाजाची सुपर ८ आहे (कोडॅकने १९७३ मध्ये आणली). त्यावर अल्कोहोल लावू नका, जुना पट्टा सुटू शकतो. आणि पट्ट्यातलं लोहाचं ऑक्साइड अॅसिटेटच्या विघटनाला हातभार लावतं, म्हणून अशी रिळं रांगेत पुढे घ्या. लॅबला आवाजाचं आवर्जून सांगा, नाहीतर ते मूकपट करून देतील. सुपर ८ मध्ये आवाज चित्राच्या १८ चौकटी पुढे असतो. तेवढा सरकवला नाही तर ओठ आणि शब्द यांत सेकंदभराची फारकत.

ठाणेकर_काका
आमच्या पिढीत डब्यात कापराची वडी ठेवायचे. फिल्म लवचीक राहते म्हणून.

अंधारखोली
काका, त्यामागे तर्क होता, कारण सेल्युलॉइडमध्ये मऊपणा आणायला कापूरच घालत. पण अॅसिटेटला कापराच्या वाफेने येणारा मऊपणा तात्पुरता असतो. वाफ निघून गेली की फिल्म पुन्हा ताठ. डांबराच्या गोळ्या तर नकोच. कापूर देवघरात ठेवा.

रंगांचं थोडं. रीळ गुलाबी पडलं असेल तर निळसर-हिरवा रंगद्रव्य-थर उडाला आहे. हे अंधारातही होतं. एक्टाक्रोम, ऑरवो, बहुतेक ईस्टमन प्रती या वाटेने जातात. कोडाक्रोम अंधारात जबरदस्त टिकतं, पण प्रोजेक्टरच्या झोतात उडतं. न दाखवलेलं १९५८ चं रीळ १९७९ च्या एक्टाक्रोमपेक्षा टवटवीत निघालं तर आश्चर्य नको. ओळखायचं कसं? इमल्शनची बाजू तिरक्या उजेडात धरा, कोडाक्रोमवर चित्राचा हलकासा उठाव दिसतो. गुलाबी फाईल सुधारताना लाल चॅनेलचा उतार ताणावा लागतो, आणि ८ बिट फाईल तिथे फाटते, आकाशात पट्टे दिसतात. निरंजनाताई १० बिटवर अडून बसल्यात ते म्हणूनच.

कोकणकडा
१८ ची फाईल टीव्हीवर चालत नाही, काय करायचं? ते एआयने ६० फ्रेम करणारं वापरलं तर गुळगुळीत होतं.

निरंजना
गुळगुळीत होतं आणि हाताला सहा बोटं येतात. पाहायच्या प्रतीसाठी १८ ची २४ करायची तर दर तिसरी चौकट दोनदा दाखवा, पुरे. मास्टरला हात लावायचा नाही. ते एआयचं जे काय आहे ते व्हॉट्सअॅपच्या प्रतीवर करा. सहावं बोट कुणाचं यावर ग्रुपवर चर्चाही होईल.

फाईली तीन ठिकाणी: दोन वेगवेगळ्या डिस्क, एक घराबाहेर. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल बिघडली का ते दाखवणारा आकडा) काढून ठेवा, वर्षातून एकदा पडताळा. नावं अशी द्या: रीळ क्रमांक, प्रकार, खोक्यावरची तारीख. 'आजोबा फायनल नवीन २' नको.

खवट_खोबरं
माझ्या डेस्कटॉपवर कोण डोकावलं?

रानजाई
ठेवण्याबद्दल, कारण तिथेच मूळ प्रश्न अडलाय. घरगुती फिल्म जवळजवळ सगळी रिव्हर्सल असते. कॅमेऱ्यात गेली तीच पट्टी धुऊन परत आली. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत दगावू शकते, कोडाक्रोम नीट ठेवलं तर त्याच्या कैक पट टिकतं. उद्या स्कॅनर सुधारला तर पुन्हा स्कॅन करता येईल, पण पट्टी असेल तर.

माळा नको, तिथे एप्रिलमध्ये भट्टी असते. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. डबे पॉलिप्रॉपिलीनचे, हवा खेळेल असे. घट्ट झाकणाचे नकोत, आम्ल कोंडतं. आर्द्रता ३० ते ५० टक्के हवी. आपल्याकडे जुलैत ८५ असते, म्हणून पावसाळ्यात डबे उघडूच नका, सगळी कामं डिसेंबर-जानेवारीत करा. डब्यात सिलिका जेल ओतून ठेवायचा मोह आवरा, फार कोरडी फिल्म ठिसूळ होते.

वास येणाऱ्या रीळासाठी फ्रीजर. आधी कोरड्या हवेत दोन आठवडे मुरू द्या. मग झिपच्या दोन पिशव्या, एकात एक, आतल्या पिशवीत आर्द्रता दाखवणारं कार्ड, हवा दाबून काढायची. बाहेर काढताना पिशवी न उघडता २४ तास तशीच ठेवायची, नाहीतर दव थेट फिल्मवर. रोग बरा होत नाही, फक्त गोठतो.

शिकाऊ
फ्रीजरमध्ये मटार, त्याच्या खाली आजोबा. वाचनखूण साठवली.

माळ्यावरचा_डबा
सगळ्यांना दंडवत. मोजून आलो. पिवळ्या खोक्यांतली आठ रेग्युलर, तीन सुपर ८. एकावर तपकिरी पट्टा आहे. आंबूस पाच इंची रीळ रेग्युलर आहे, शंभर भोकांना ३७८ मिमी भरलं. बाकीची रेग्युलर ३८० च्या आसपास.

काळ्या चकतीचं: बाहेरची पट्टी पारदर्शक होती म्हणून जरा आत पाहिलं. धुतलेली आहे, चित्रं दिसतात. पण फिल्म दुप्पट रुंद, दोन्ही कडांना भोकं, आणि आडवी दोन-दोन चित्रं. एका बाजूची सरळ, दुसऱ्या बाजूची उलटी. हे १६ एमएम का?

अंधारखोली
नाही, लॉटरी लागलीय. ही न चिरलेली डबल ८. कॅमेऱ्यात १६ मिमी रुंद, २५ फुटांची फिल्म जायची. अर्ध्या रुंदीवर चित्रण झालं की चकती उलटून घालायची, मग उरलेल्या अर्ध्यावर. धुतल्यावर लॅब ती मधोमध चिरून दोन तुकडे जोडायची, की ५० फुटी ८ एमएम तयार. तुमची चिरायची राहून गेली.

चिरू नका. घरगुती चिरणीचं पातं केसभर सरकलं तरी चित्रात घुसतं. १६ एमएमच्या प्रोजेक्टरवरही लावू नका, एका वेळी चार चित्रं दिसतील, दोन डोक्यावर उभी. १६ एमएमच्या दात्यांविना स्कॅनरवर पूर्ण रुंदी स्कॅन करून घ्या आणि दोन भाग फाईलमध्ये वेगळे करा. दुसरा भाग १८० अंशात फिरवा आणि चौकटींचा क्रम उलटा करा, नाहीतर सगळे मागे चालतील. लॅबला 'न चिरलेली डबल ८' असं लेखी द्या, काउंटरवरचा मुलगा १६ एमएमच्या ढिगात टाकून मोकळा होतो.

३७८ म्हणजे ०.८ टक्के. ते रीळ सगळ्यात आधी, दात्यांविना मशीनवर. मग तपकिरी पट्टेवालं. बाकीची दिवाळीनंतर, सवडीने.

रानजाई
खोक्यांवरच्या पेन्सिलीच्या नोंदींचे फोटो आताच काढा, लॅबमध्ये खोकी आणि रिळं यांची अदलाबदल ठरलेली. प्रत्येक रीळाच्या पांढऱ्या लीडरवर (सुरुवातीची कोरी पट्टी) कायम शाईने क्रमांक घाला. आणि स्कॅन आलं की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला समोर बसवून नावं विचारा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा. फिल्म पन्नास वर्षं थांबली, माणसं थांबतीलच असं नाही.

माळ्यावरचा_डबा
आत्याला रविवारी बोलावतो. आणि जागेचं म्हणाल तर मोजलं: १४ रिळं म्हणजे बुटांच्या एका खोक्याएवढी जागा. गोदरेजच्या कपाटात खालून दुसरा कप्पा मोकळा करतोय.

ठाणेकर_काका
त्या कप्प्यातल्या डांबराच्या गोळ्या काढायला विसरू नका.